पेटीच्या झाकणावरचे वचन

वाचकहो, एक प्रश्न गेले काही महिने माझ्या मनात घोळत आहे. तो एखाद्या तत्त्वचर्चेतून नव्हे, तर एका लाकडी पेटीमुळे उद्भवला आहे. ज्याने शस्त्र घडवले नाही, ज्याने ते कधी चालवलेही नाही, ज्याने केवळ ते ठेवण्यासाठी व नेण्यासाठी पेटी करून दिली, त्या माणसाकडे त्या शस्त्राच्या बऱ्यावाईटाचा काही जाब जातो काय? प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला.

भाषांतराच्या एका कार्यशाळेसाठी कोलकात्यास जाणे झाले होते. आपणां मराठी ख्रिस्ती लोकांचे त्या भागाशी जुने नाते आहे. हुगळीच्या काठी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी शास्त्रभाषांतराचा पाया घातला. त्या परंपरेतला एक लहानसा कामकरी म्हणून मी तेथे गेलो होतो. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले बंगाली ख्रिस्ती गृहस्थ. नोकरीची बरीच वर्षे नागपुरात गेल्याने ते मराठी उत्तम बोलतात. त्यांचे घर बहूबाजार भागात आहे. तेथील फर्निचरची दुकाने प्रसिद्ध आहेत. दिवसभर रंध्याचा आवाज कानी येतो.

यजमानांची कन्या एका रायफल क्लबात नेमबाजी शिकते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोलकात्याचा जयदीप कर्माकार चौथा आला, तेव्हापासून त्या शहरातील पुष्कळ घरांत या खेळाविषयी कुतूहल निर्माण झाले. मुलीची पॉइंट टू टू रायफल परवान्याची आहे. स्पर्धेच्या प्रवासात विकतच्या प्लॅस्टिक पेटीची बिजागरी तुटली आणि रायफलीला धक्का बसून तिचा नेम बिघडला. तेव्हा वडिलांनी ठरवले, पेटी आपणच करायची.

मी गेलो तेव्हा ती जवळजवळ पूर्ण झाली होती. सागवानी चौकट, तिला दोन्ही बाजूंनी प्लायवुड, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, चार फुटांहून थोडी अधिक लांबी. आत रायफलीच्या आकाराचा खळगा कापलेला जाड फोम. आधी त्यांनी बनातीचे अस्तर लावले होते. पण कोलकात्याच्या दमट हवेत बनात ओल धरते आणि लोखंडावर गंज चढतो, म्हणून ते काढून टाकले व ओल शोषणाऱ्या पुड्यांसाठी एक कप्पा केला. रायफलीचा बोल्ट काढून ठेवण्यासाठी वेगळी जागा. काडतुसांना मात्र या पेटीत जागाच नव्हती. ती स्वतंत्र डब्यातून न्यायची. ते मला एकेक गोष्ट अशा प्रेमाने दाखवत होते, की जणू नातवासाठी पाळणा करीत आहेत.

शेवटी त्यांनी झाकण उघडे धरले आणि म्हणाले, "दादा, आपण शास्त्राचे भाषांतर करता. झाकणाच्या आतल्या बाजूला कोरायला एखादे वचन सांगा. पोर पेटी उघडील तेव्हा पहिल्यांदा तेच दिसले पाहिजे."

वाचकहो, शास्त्रातील शब्द शोधण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. पण त्या क्षणी मला एकही वचन सुचेना. बंदुकीच्या पेटीवर देवाचे वचन? मी म्हणालो, "दोन दिवस द्या." ते नम्रपणे हसले. माझा संकोच त्यांना कळला असावा.

त्या संकोचाचे एक कारण घरचे होते. माझे बालपण नगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. वडील सुतारकाम करीत. आमच्या मंडळीतील एका शेतकऱ्याकडे रानडुकरे हाकलण्यासाठी ठासणीची बंदूक होती. ती ओसरीवर खुंटीला टांगलेली असे. एका दुपारी मोठ्या भावाने खेळता खेळता ती काढली. ती ठासलेली होती. धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता. त्याची शवपेटी माझ्या वडिलांनी रात्री कंदिलाच्या उजेडात केली. फळीवर रंधा मारताना ते आईला म्हणाले, "जी पेटी आधी व्हायला हवी होती ती कोणी करून घेतली नाही, म्हणून आता ही करावी लागते आहे." त्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला उमजला नाही.

पुढे इब्री भाषा शिकताना ते वाक्य पुन्हा आठवले. आपल्या मराठी शास्त्रात कराराचा कोश आणि योसेफाची शवपेटी यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते योग्यच आहे. मूळ इब्रीत मात्र दोहोंना एकच शब्द आहे: 'आरोन'. याजक यहोयादाने झाकणाला भोक पाडून मंदिरात पैशांसाठी जी पेटी ठेवली, तिलाही हाच शब्द. आज्ञांच्या पाट्या, मृताच्या अस्थी, लोकांचा पैसा, तिन्ही आरोनातच. त्या शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही. मग पेटीला स्वतःचा असा गुणदोष नाही, असे म्हणावे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान मला फिरायला घेऊन गेले. त्यांच्या भागातील मुख्य रस्त्याला आज बिपिन बिहारी गांगुली यांचे नाव आहे. जवळच मलंगा लेन नावाची गल्ली आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी याच परिसरात काही लाकडी खोकी येऊन पोहोचली. रॉडा आणि कंपनी हे कोलकात्यातील शस्त्रांचे मोठे व्यापारी. त्यांचा माल जहाजाने आला होता. तो सोडवून आणण्यासाठी कंपनीने आपला कर्मचारी श्रीशचंद्र मित्र याला कस्टम हाउसला पाठवले. एकंदर २०२ खोकी बैलगाड्यांवर चढली. त्यांतील एक गाडी हाकणारा हरिदास दत्त हा गाडीवानाच्या वेषातील क्रांतिकारक होता. कंपनीच्या गुदामात १९२ खोकी पोहोचली. उरलेल्या दहांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. बिपिन बिहारी गांगुली हे या कटातील एक प्रमुख.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानुसार त्यांतील ४४ पिस्तुले लगोलग नऊ गटांत वाटली गेली आणि पुढे ५४ दरोडे, खून किंवा तशा प्रयत्नांत ती वापरली गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ पोलिसांशी लढताना जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे सोबती यांच्या हातीही माउझर होती. स्वातंत्र्याचे फळ खाणारा मी त्या तरुणांना चोर म्हणणार नाही. परंतु दरोड्यांत जी सामान्य घरे लुटली गेली, त्यांचे दुःखही मला पुसून टाकता येत नाही.

या हकीकतीतील एका तपशिलाने मला थांबवले. माउझर पिस्तूल लाकडी कोशात ठेवलेले असे. तो कोश पिस्तुलाच्या मुठीला मागून जोडता येई. तसा जोडला की तो खांद्याला टेकवून पिस्तुलाने रायफलीसारखा नेम धरता येई. म्हणजे जे शस्त्र झाकण्यासाठी होते, तेच शस्त्राचा भाग होऊन त्याचा पल्ला वाढवीत होते. तेव्हा पेटीला गुणदोष नाही, हे माझे उत्तर त्या गल्लीत उभ्या उभ्याच ढासळले. कारागिराने तो कोश मुद्दामच तसा घडवला होता.

त्या रात्री मी शमुवेलाचे पहिले पुस्तक उघडले. गल्याथाची तलवार पुढे कोठे गेली, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आहे? ती नोब येथे पवित्रस्थानी, एफोदाच्या मागे, कापडात गुंडाळून ठेवलेली होती. शौलापासून पळणारा दावीद अहीमलेख याजकाकडे आला आणि राजाच्या कामावर निघालो आहे असे खोटे सांगून त्याने भाकर व शस्त्र मागितले. याजकाने दोन्ही दिले. दवेग अदोमी ते पाहत होता. त्याने चहाडी केली, आणि शौलाच्या आज्ञेवरून त्याने एका दिवसात पंच्याऐंशी याजकांचा वध केला. अहीमलेखाचा बचाव एकच होता: मला यातले काही ठाऊक नव्हते. तो बचाव खरा होता, तरी त्याने कोणी वाचले नाही. शास्त्र त्याला दोष देत नाही. उलट, अब्याथार निसटून आला तेव्हा त्या मृत्यूंचा भार दावीद स्वतःवर घेतो. फसवून शस्त्र काढून घेणारा आपला दोष कबूल करतो. तरीही ज्याच्या ताब्यात शस्त्र होते त्याने 'कशासाठी?' हा प्रश्न अधिक नेटाने विचारला असता तर काय झाले असते, असे वाचकाला वाटल्याशिवाय राहत नाही.

आणि मग योहानकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. बागेत पेत्राने तलवार उपसून मल्खाचा कान तोडला, तेव्हा प्रभूने ती परत म्यानात घालण्यास सांगितले. म्यानासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो तो 'थेके'. त्याचा मूळ अर्थ 'ठेवण्याची जागा'. मत्तय त्याच प्रसंगी नुसते 'तिच्या जागी' असे म्हणतो. 'थेके' आणि आपले 'ठेवणे' यांतील ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. पण भाषांतर करताना त्या योगायोगाने मला मदत केली आहे. कारण मराठीत 'ठेव' म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

येथे मला माझे उत्तर सापडले. पेटी करणारा शस्त्राच्या प्रश्नाबाहेर राहत नाही. तो ठेव स्वीकारतो. म्हणून त्याने दोन गोष्टी तपासाव्यात. पेटीमुळे हात आणि शस्त्र यांच्यामध्ये विचाराला अवकाश मिळतो, की हाताचा पल्ला वाढतो? आणि ती उघडपणे नेण्यासाठी आहे, की लपवून नेण्यासाठी? माझ्या गावच्या त्या खुंटीने बालकाच्या हाताला क्षणभरही थांबवले नाही. माउझरच्या कोशाने हाताला बळ दिले. माझ्या यजमानांच्या पेटीत बोल्ट निराळा होता, काडतुसे बाहेर होती, आणि परवाना दाखवून, सामानात नोंदवून ती न्यायची होती. ती उघडायला वेळ लागतो, आणि त्या वेळेतच तिचे पुण्य आहे.

तरीही म्यान हा तलवारीचा शेवटचा मुक्काम नव्हे. यशया तलवारींचे नांगराचे फाळ झालेले पाहतो. त्या दर्शनात म्यान कोठेच नाही. तो दिवस येईपर्यंत पेटी नीट करणे हे आपले काम आहे, आणि तो दिवस आला असे मानून स्वस्थ न बसणे हेही.

निघण्याच्या दिवशी मी यजमानांना म्हणालो, "वचन कोरू नका, केवळ संदर्भ कोरा: योहान १८:११. मुलीला ते शोधून वाचावे लागेल." त्यांनी तेथेच शास्त्र उघडून वाचले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तर रायफल परत ठेवताना वाचायचे वचन आहे. उघडताना नव्हे." मी म्हणालो, "होय." त्यांनी झाकणाला दुसरे कुलूप लावायचे ठरवले: एक किल्ली मुलीकडे, दुसरी तिच्या आईकडे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही. पण जिच्याने इजा होऊ शकेल अशी एखादी वस्तू प्रत्येक घरात असतेच: शेतावरचे औषध, म्हाताऱ्या माणसाच्या झोपेच्या गोळ्या, अंगणातली कडी नसलेली विहीर. ती आपण घडवली नसेल, पण ती आपल्याकडे ठेव म्हणून आहे. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती कोठे, कशी ठेवली आहे, हे एकदा जाऊन पाहाल काय? माझे वडील आता प्रभूजवळ आहेत. त्यांना दुसरी पेटी करावी लागू नये, इतकेच त्यांचे मागणे होते.