रिकाम्या जागेकडे पाहताना

निवांत बसा. टेक्स्ट एडिटरमध्ये एखादी जुनी फाइल उघडा. आज अक्षरं वाचायची नाहीत, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा पाहायच्या आहेत.

सगळ्या सारख्याच दिसतात ना? दिसू द्या. मग एडिटरची अदृश्य चिन्हं दाखवण्याची सोय चालू करा. व्हीएस कोडमध्ये साध्या स्पेसवर बारीक ठिपका येतो, टॅबवर बाण. हा ठिपका फाइलमध्ये नाही, फक्त पडद्यावर आहे. यावर जरा रेंगाळा.

एखाद्या जागेवर ठिपका उमटत नाही. तिथे थांबा. ती बहुधा न तुटणारी स्पेस असेल, ‘रु.’ एका ओळीत आणि रक्कम दुसऱ्या ओळीत जाऊ नये म्हणून घातलेली. लॅटिन-१मध्ये तिचा एकच बाइट असतो, ए०. यूटीएफ-८मध्ये दोन, सी२ ए०. ही यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ समजून उघडली, की स्पेसच्या आधी टोपीवाला रोमन ए उगवतो. डॉसच्या ४३७ कोडपेजमध्ये तर ए० म्हणजे तिरकी मात्रा डोक्यावर घेतलेला ए. बाइट जागचा हललेला नाही. वाचणाऱ्याचा तक्ता बदलला.

आता आपल्या घरचं पाहू. ‘दर्या’ लिहा. द, र, पाय मोडायचं चिन्ह, य, काना. पाय मोडल्यावर, य येण्याआधी, झिरो विड्थ जॉइनर घाला. झाल्या ‘दर्‍या’! समुद्र गेला, सह्याद्री आला, आणि मधे घातलेल्या चिन्हाची रुंदी शून्य. तांत्रिक अर्थानं ही स्पेस नव्हेच. पण नको ती अदृश्य चिन्हं काढणारा कोड असला भेद कुठला करायला? तो फिरला की दर्‍यांचा पुन्हा दर्या. अशा सरसकट साफसफाईला मी आळसच म्हणेन.

युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं वेगळं ऱ घेऊनही ‘दऱ्या’ लिहिता येतात. डोळ्यांना दोन्ही एकच; नुसते बाइट जुळवणाऱ्या शोधाला मात्र एक सापडते, दुसरी नाही.

तेव्हा मराठी फाइल साफ करण्याआधी ती हेक्समध्ये एकदा पाहा. ई२ ८० ८डी असे जॉइनरचे तीन बाइट दिसले, तर आधी शेजारची अक्षरं वाचा. डिलीट नंतरही दाबता येतं.