शांती चौदावी



आजचं वाचन: गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३. दैवी संपत्तीचे २६ गुण. आज अर्थाकडे जाण्याआधी ते नुसते बोटांवर मोजा. पहिलं अभय. अहिंसा दहावी, सत्य अकरावं, अक्रोध बारावा, त्याग तेरावा. आणि मग कुठे शांती, चौदावी.

मोजायला सांगण्याचं कारण, कॉलेजात जाणारी आपली मुलं-मुली एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: नाम घेणाऱ्याने मोर्च्यात जावं का? घोषणा दिल्या की मनाची शांती गेलीच ना? घरी तर एकच उत्तर मिळतं, 'तू आपलं शांत बस.' पण शांत बसणं वेगळं आणि शांत असणं वेगळं. भीतीने गप्प राहिलेल्याला अजून पहिला गुणच मिळालेला नाही, चौदावा कुठून मिळणार? (या क्रमाला पायऱ्या म्हणावं का, यावर जाणकार वाद घालतील. घालू द्या.)

ज्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, त्यांनीच १९५७ मध्ये शांतिसेना उभी केली. दंगल पेटली की रिकाम्या हातांनी मध्ये जाऊन उभं राहायचं, हे तिचं काम. पुढे तरुण शांतिसेना आली, त्यात महाराष्ट्रातली कॉलेजची मुलंही होती. १९७५ मध्ये जयप्रकाशांनी तिशीच्या आतल्यांसाठी छात्र युवा संघर्ष वाहिनी काढली. नावातली शांती गेली, संघर्ष आला. पण बिहारात बोधगयेला ही मुलं भूमिहीनांसोबत जमिनीसाठी उभी राहिली, तेव्हा नियम जुनाच होता: हल्ला झाला तरी आपला हात उठणार नाही. ती जमीन एका मठाच्या ताब्यात होती. आपल्याला हे जरा टोचतं. टोचू दे.

आता बिहारातून आपल्या कसारा लोकलवर या. आसनगाव हे शहापूरचं स्टेशन. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आपण सकाळी पूजेचा तांब्या भरतो तो बहुधा इथल्याच पाण्याने. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात.

शेजारच्या मुरबाडमध्ये काळू नदीवर आणखी एक धरण ठरलं, तेही शहरांच्या पाण्यासाठी. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं. जंगल आणि गावं जाणार होती ती बहुतेक आदिवासींची. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. कागद गोळा करणं, लोकांसोबत बसणं, तारखेला जाणं. अक्रोध म्हणजे राग गिळून घरी जाणं, असं मला तरी वाटत नाही. राग बाजूला ठेवूनही मागणी तशीच धरून ठेवता येते, आणि ते रागापेक्षा कठीण आहे.

माझा खरा अडसर पुढेच आहे. शांतीच्या लगेच नंतर पंधरावा गुण येतो, अपैशुन्य: कुणाचं उणं काढत न फिरणं. माउलींनी इथे फार सुंदर दाखला दिलाय. गाय चिखलात रुतली तर ती दुभती की भाकड हे बघत नाहीत, जीव नुसता कासावीस होतो. बुडणाऱ्याची जात कुणी विचारत नाही, आधी बाहेर काढतात.

आणि आपण? पाड्यावर शिबिराला दोन दिवस जातो, परतीच्या लोकलमध्येच स्टेटस टाकतो: कोण विकला गेला, कोण भित्रा, कोण नुसता फोटोपुरता आला. धरण हवं म्हणणारा डोंबिवलीचा माणूसही तहानलेलाच असतो. त्याला पाणी हवंय, मुरबाडकराला घर. दोघांचाही विचार एकाच मनात ठेवायचा, आणि तरी ज्याचं घर जाणार त्याच्याच बाजूला उभं राहायचं. हे कसं जमवायचं याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. रोजच्या नामात बसल्यावर हाच विचार घेऊन बसून बघा.

उद्या श्लोक ४, आसुरी संपत्ती. तिथे यादी बरीच छोटी आहे.

राम कृष्ण हरी.