पाठीवरची थाप

शिवी ओळखू येते. कुणी चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर साक्षीदार असतात, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा असतो. पण पाठीवर थाप मारली तर? थापेला कलम नाही.

अंबाजोगाईत एका पुरोगामी अभ्यासमंडळात मी जायचो. माणसं चांगली. घरात घेत, ताटाला ताट लावून जेवत. पण बाकी सगळ्यांना 'अहो', मला 'अरे'. मी बोललो की म्हणायचे, "काय शुद्ध बोलतोस रे! तू त्यांच्यातला वाटतच नाहीस." विषय वाटताना शेती, पाणी, अर्थकारण त्यांच्याकडं; माझ्याकडं दरसाल १४ एप्रिल आन् ६ डिसेंबर.

एकदा ऊसतोडीवर चर्चा निघाली. एक सर म्हणाले, हे लोक लग्नकार्यात पैसा उडवतात म्हणून मुकादमाची उचल फिटत नाही. माझे मायबाप कोयत्यावर जायचे. मी म्हटलं, "सर, नवराबायको मिळून एक कोयता. एक आजारी पडलं तरी खाडा कापतात. तोही हिशोब धरा की." सर हसले. "तू भावनेच्या भरात बोलतोस. अनुभव वेगळा, अभ्यास वेगळा." सगळे मायेनं हसले. मीही हसलो.

त्या रात्री झोप आली नाही. त्यांच्या हसण्यापायी नाही, माझ्या हसण्यापायी.

प्रश्न असा : चांगल्या माणसाला दुखवावं का? रागावलो तर म्हणणार, 'न्यूनगंड आहे'. गप बसलो तर थाप कायमची.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेसाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचलं आन् म्हणाले, एवढा भाग गाळा. ही मंडळी सनातनी नव्हती, जात मोडायला निघालेले सुधारक होते. त्यांनी खुर्ची दिली, पण खुर्चीवरून काय बोलायचं ते ठरवायचा हक्क स्वतःकडं ठेवला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतः छापून काढलं. शिवी दिली नाही, उपकारही घेतला नाही.

मला यातून एक कसोटी सापडली. जो मला मान देतो, त्याला माझं 'नाही' चालतं का? चालत नसेल तर तो मान नाही, मेहरबानी आहे.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. "एकतर मलाही 'अहो' म्हणा, नाहीतर सगळेच एकमेकांना 'अरे' म्हणू. आन् उचलीचा विषय मी मांडतो. चुकलो तर हिशोबानं खोडा." दोघं त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले. एकजण वही घेऊन शेजारी येऊन बसला. मला तेवढं पुरलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. विषयाची तयारी करत घरी बसलो होतो. माय चुलीपाशी. मधीच म्हणाली, "खाड्याचं तसं नसतंय लेकरा..." मी मान वर न करता म्हटलं, "माय, तुला नाही कळायचं ते."

हयात तिची कोयत्यावर गेली, आन् अभ्यास माझा!

वही बंद केली. म्हटलं, "सांग." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझे दोन आकडे चुकले होते.

तेव्हा मित्रांनो, सरांना जरूर टोका, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. पण आपल्या बैठकीत सतरंजीच्या कडेला बसलेल्या बाईला, मातंग वस्तीतल्या पोराला आपण काय म्हणतो, तेही एकदा कान देऊन ऐका.