मुलांच्या तोंडचे ‘हब्शी’



आमच्या जऊळक्यात गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एका भगिनीचा निरोप आला. त्यांचा सहावीतला मुलगा आठवडाभर शाळेत गेला नव्हता. मुले त्याला ‘हब्शी’ म्हणत होती. चौकशी केली तेव्हा कळले, हे नाव प्रथम ठेवणारा माझाच मुलगा. त्याला रागे भरायला गेलो आणि थबकलो. आमच्या घरी स्थळांची चर्चा निघाली की मुलीच्या रंगावर जे बोलले जाते, ते तो लहानपणापासून ऐकत आला आहे.

सूरह अल्-हुजुरातच्या 11व्या आयतीत अल्लाहने एकमेकांची टर उडवण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई केली आहे. वंश आणि कबिले केवळ ओळखीसाठी असून प्रतिष्ठा तकव्याला आहे, हे सांगणारी आयत 13वी. ही दुसरी आपण सभांमधून अभिमानाने ऐकवतो; पहिली घराच्या उंबरठ्याबाहेर राहते.

ह. अबूजर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींकडूनही हे घडले. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईच्या वंशावरून हिणवले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सुनावले की त्यांच्यात अजून जाहिलियत उरली आहे. पुढे लोकांनी पाहिले, अबूजर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र, तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर. पश्चात्ताप नुसत्या शब्दांवर थांबला नाही.

आणि ‘हब्शा’ म्हणजे तरी काय? मक्केत छळ असह्य झाला तेव्हा मुसलमानांना पहिला आसरा दिला तो याच देशाने. तेथील राजा नज्जाशीने त्यांना कुरैशांच्या हवाली करण्यास नकार दिला. ह. बिलाल (रजि.) यांची आई हब्शी होती. आपल्याच मातीतले उदाहरण हवे असेल तर मलिक अंबर पाहा. बाजारात विकला गेलेला हा हब्शी गुलाम निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे थोपवून धरले आणि 1610 मध्ये खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. तेथे नहरीने पाणी आणणाराही तोच. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. आज वर्गात वेगळे गोणपाट नसते. परंतु एक टोपणनाव मुलाला तितकेच दूर बसवू शकते, आणि ते शिक्षकांच्या हजेरीपटावर दिसत नाही. (आपल्यातही ‘पिंजारी’, ‘फकीर’ हे शब्द कोणत्या सुरात उच्चारले जातात, ते आपण जाणतोच.)

मी मुलाला घेऊन त्या घरी गेलो. माफी आधी मी मागितली, मग त्याने. तो मुलगा दाराआडून ऐकत होता. मलिक अंबरची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने एवढेच विचारले, “तो माझ्याइतका काळा होता?”

सोमवारी तो शाळेत गेला. माझ्या मुलाशी अजून बोलत नाही, आणि त्याने बोलावे असा आग्रह मी धरलेला नाही.