खाल्ल्या मिठाला जागायचे, पण कोणाच्या?



जमिनीचा व्यवहार करताना आपल्याकडची जाणती माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : हा एजंट कोणाचा? विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? तो दोघांकडून दलाली घेणारा असेल, तर केवळ त्याच्या शब्दावर कोणी सही करत नाही. असा माणूस खोटे बोलतोच असे नाही. पण दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्यावर विसंबणाऱ्याचे, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक असते.

दोन गुंठे जमिनीसाठी आपण हा प्रश्न विचारतो. राज्य कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवताना मात्र तो आपल्याला सुचत नाही. उमेदवार आपल्याला दिसतो, त्याचा पक्ष दिसतो. त्याने काय बोलावे, कशावर गप्प बसावे, कोणावर तुटून पडावे हे ठरवणारा पगारी सल्लागार आपल्याला दिसत नाही. त्या सल्लागाराला आणखी कोण पैसे देते, हे तर मुळीच दिसत नाही. निवडणूक जिंकून देण्याचा सल्ला विकणे हा एक व्यवसाय आहे. तो करणारा मोठ्या कंपन्यांचाही चाकर असेल, तर त्यात नैतिकदृष्ट्या काय चुकते? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

या धंद्याची सुरुवात

हा व्यवसाय ज्यांनी पहिल्यांदा थाटला ते क्लेम व्हिटकर आणि लिओन बॅक्स्टर हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील जोडपे. १९३३ साली त्यांनी 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड' नावाची कंपनी काढली. तोवर प्रचार म्हणजे पक्षाचे कार्यकर्ते, सभा आणि पत्रके. या दोघांनी तो कंत्राटावर घेण्यास सुरुवात केली.

त्यांच्या पहिल्याच कामाची गोष्ट बोलकी आहे. राज्याच्या मध्य खोऱ्यात धरणे आणि कालवे बांधण्याचा कायदा झाला होता. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बलाढ्य वीज कंपनीला तो नको होता, म्हणून तिने त्यावर जनमत घ्यायला लावले. व्हिटकर-बॅक्स्टर यांनी ३९ हजार डॉलर्समध्ये कायद्याच्या बाजूने प्रचार केला आणि कंपनीला हरवले. त्यानंतर कंपनीने काय केले? तिने या दोघांनाच वार्षिक मानधनावर बांधून घेतले. जो आपल्याला हरवू शकतो तो आपल्या पदरी असलेला बरा, हा साधा व्यापारी हिशेब होता.

पुढच्याच वर्षी, १९३४ साली, कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाची निवडणूक आली. महामंदीचे दिवस होते, लाखो लोक बेकार होते. शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांच्या हालांवर 'द जंगल' ही कादंबरी लिहिणारे अप्टन सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले. बंद पडलेले कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांना कसायला द्याव्यात, त्यांनी स्वतःसाठी पिकवावे आणि बनवावे, अशी त्यांची योजना होती. व्हिटकर-बॅक्स्टर यांना त्यांच्याविरुद्ध काम मिळाले. दोघांनी सिंक्लेअर यांची पुस्तके जमवली, तीन दिवस खोलीत बसून ती चाळली आणि वाचकाला संताप येईल अशी वाक्ये वेचून काढली. त्यांतील काही वाक्ये तर लेखकाची नव्हतीच. ती त्याच्या कादंबरीतील पात्रांच्या तोंडची होती. 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये अशी उतारेवजा वाक्ये रोज पहिल्या पानावर चौकटीत झळकू लागली. विवाहाविषयी एका पात्राने काढलेले उद्गार उमेदवाराचे मत म्हणून घराघरांत पोहोचले. सिंक्लेअर हरले. त्यांना सुमारे ८ लाख ८० हजार मते मिळाली, तर विजयी उमेदवाराला ११ लाख ३८ हजार.

सिंक्लेअर यांची योजना चांगली होती की भाबडी, यावर वाद होऊ शकतो. कदाचित लोकांनी ती विचारपूर्वक नाकारलीही असती. पण त्यांना तिचा विचार करण्याची संधी नीट मिळालीच नाही. त्या वाक्यांचा मूळ विषयाशी संबंध नव्हता, एका माणसाला सत्तेपासून रोखणे हाच हेतू होता, असे पुढे बॅक्स्टर बाईंनीच मान्य केले.

डॉक्टर आणि आचारी

तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्याला येथे प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादाची आठवण होणे साहजिक आहे. त्यात सॉक्रेटिस वक्तृत्वाची तुलना आचाऱ्याच्या कलेशी करतो. शरीराला काय हितकर हे वैद्य जाणतो. जिभेला काय आवडेल हे आचारी जाणतो. दोघांना लहान मुलांच्या पंचायतीपुढे उभे केले, तर वैद्याची काय गत होईल? कडू काढे पाजणारा हा माणूस, असा आरोप आचारी करील आणि मुले आचाऱ्याच्या बाजूने कौल देतील.

दोन हजार वर्षांहून जुना हा दृष्टान्त कॅलिफोर्नियात जवळजवळ अक्षरशः घडला. १९४२ साली अर्ल वॉरन यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचाराचे काम व्हिटकर-बॅक्स्टर यांच्याकडे होते. वॉरन निवडून आले. मग ते स्वतः गंभीर आजारी पडले आणि दवाखान्याचा खर्च सामान्य कुटुंबाला कसा बुडवतो, याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. १९४५ साली त्यांनी कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून सर्वांसाठी आरोग्य विम्याची योजना मांडली. राज्यातील डॉक्टरांच्या संघटनेला ती नको होती. संघटनेने ती पाडण्यासाठी कोणाला नेमले? व्हिटकर-बॅक्स्टर यांनाच. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी वॉरन यांच्यासाठी मते मागितली, त्यांनीच आता त्यांच्या योजनेविरुद्ध वर्तमानपत्रांना जाहिराती आणि तयार अग्रलेख पुरवले. योजना बारगळली.

१९४९ साली हाच प्रयोग देशपातळीवर झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आरोग्य विमा योजनेविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या दोघांना नेमले आणि त्यासाठी प्रत्येक सभासद डॉक्टरकडून २५ डॉलर्स मागितले. आजारी मुलाच्या उशाशी चिंतातूर होऊन बसलेल्या डॉक्टरचे एक प्रसिद्ध जुने चित्र भित्तिपत्रकांवर छापून देशभरच्या दवाखान्यांत लावले गेले. या चित्रात राजकारण येऊ देऊ नका, असा त्याचा मथळा होता. ते चित्र बघून कोणाच्याही काळजाला हात घातला जाईल. पण त्या मुलाच्या बापाकडे औषधाला पैसे आहेत का, हा खरा प्रश्न त्या चित्रात कोठेच नव्हता. येथे आचाऱ्याने वैद्याचाच अंगरखा घातला होता.

खोटे नव्हे, मौन

अशा सल्लागाराचे खरे सामर्थ्य खोटे बोलण्यात असते, असे आपण समजतो. मला वाटते, ते मौनात असते. ज्याचे एक मीठ उमेदवाराचे आणि दुसरे वीज कंपनीचे, तो उमेदवाराला विजेच्या दराविषयी खोटे बोलायला सांगणार नाही. तो एवढेच म्हणेल : हा विषय या वेळी नको, यावर मते मिळत नाहीत. हा सल्ला प्रामाणिक असेलही. पण तो प्रामाणिक आहे की कंपनीच्या सोयीचा, हे उमेदवाराला कळायला मार्ग नाही. कदाचित सल्लागाराला स्वतःलाही नाही. कारण माणसाचे मन आपल्या फायद्याचे ते खरे मानण्यात फार तरबेज असते. आणि जो विषय निघालाच नाही, त्यावर मतदार मत काय देणार?

अलीकडचे उदाहरण २००८ सालचे आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी हिलरी क्लिंटन झटत होत्या. त्यांचे मुख्य रणनीतिकार मार्क पेन हे त्याच वेळी बर्सन-मार्स्टेलर या जनसंपर्क कंपनीचे जगभरातील प्रमुख होते. (भोपाळच्या १९८४ सालच्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडने आपली बाजू मांडण्यासाठी जिची मदत घेतली, तीच ही कंपनी.) कोलंबिया देशाला अमेरिकेशी मुक्त व्यापार करार हवा होता. कोलंबियात कामगार पुढाऱ्यांचे खून पडत होते, म्हणून अमेरिकेतील कामगार संघटनांचा त्या कराराला विरोध होता. क्लिंटन यांचाही जाहीर विरोध होता. आणि त्यांचे रणनीतिकार, आपल्या कंपनीच्या वतीने, करार मंजूर कसा करून घ्यावा यासाठी कोलंबियाच्या राजदूतांना भेटले. ही भेट मार्चअखेर झाली, ती उघडकीस आली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेन यांना मुख्य रणनीतिकाराचे पद सोडावे लागले. क्लिंटन यांनी त्या भेटीमुळे भूमिका बदलली असे नाही. पण विरोधाचे भाषण ऐकणाऱ्या कामगाराने कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न राहिलाच.

दुसरी बाजू

याला उत्तर म्हणून विचारले जाईल : वकील नाही का, आज एकाची आणि उद्या दुसऱ्याची बाजू मांडत? आक्षेप रास्त आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए'मध्ये वकिलाच्या कर्तव्याचा स्वतंत्र विचार केला आहे. वकिलीची फी घेणे त्यांना गैर वाटत नाही; जाणूनबुजून अन्यायाची बाजू घेणे मात्र पाप वाटते. खटला चालू असताना आपली बाजू अन्यायाची आहे असे ध्यानात आले, तर वकिलाने काम सोडावे. पण अशिलाचे गुपित दुसऱ्या पक्षाला देऊ नये, असेही ते सांगतात. म्हणजे सल्ला विकणे हा दोष नाही. निष्ठा दोन ठिकाणी गहाण टाकणे हा दोष आहे.

शिवाय न्यायालयात वकील कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते. समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो. निवडणुकीत न्यायाधीश मतदार असतो, आणि नेमके त्यालाच पडद्यामागचे अशील दाखवले जात नाही.

दुसरा आक्षेप असा की, कामगार संघटनाही सल्लागार नेमतात. मग दोष फक्त कंपन्यांनाच का? हेही खरे आहे. नियम सर्वांना सारखा असावा. पण दोघांची थैली सारखी नसते, आणि ज्याची थैली मोठी त्याला पडदाही अधिक जाड विकत घेता येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आपण काय करावे?

आपल्या देशात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपासून हा व्यवसाय सर्वांना परिचित झाला. त्यानंतर एकमेकांच्या विरोधात लढणाऱ्या पक्षांनीही अशा संस्थांची मदत घेतली. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. २०२२ मध्ये मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ती ९५ लाख रुपये ठरली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना रद्द केली, ती पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे या आधारावर. उमेदवाराला आपली मालमत्ता शपथपत्रात सांगावी लागते. मग त्याच्या तोंडी शब्द घालणाऱ्याने आपण आणखी कोणाची चाकरी करतो हे का सांगू नये? हीच मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे. दोन धन्यांच्या चाकरीविषयी प्रभू येशूने दिलेला इशारा धनाबद्दलच होता, हे आपणास सांगायला नकोच.

पण कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. सॉक्रेटिसच्या दृष्टान्तातील पंच लहान मुले होती, आपण नाही. प्रचाराचे पत्रक हातात पडले, मोबाइलवर चित्रफीत आली, तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे ऐकून मला राग किंवा भीती वाटली, पण नवीन काही कळले का? उमेदवाराच्या तोंडची म्हणून दाखवलेली वाक्ये खरोखर त्याची आहेत का, आणि त्यांच्या मागेपुढे काय होते? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या गावाचा कोणता प्रश्न या साऱ्या गदारोळात कोणीच काढला नाही? पाणी, दवाखाना, शेतजमीन, रेल्वेचा प्रवास, जे कोणी बोलत नाही ते आपण सभेत उभे राहून विचारावे. ठरवून पाळलेले मौन मोडायला पैसे लागत नाहीत. त्यासाठी एक माणूस उठून उभा राहिला तरी पुरते.

मत देताना कोणाचेही मीठ आपल्या जिभेवर नसावे, ही प्रार्थना.

आपला,
प्रमुख धर्मगुरू