बरं वाटणं आणि बरं होणं

देवाने माणसाला गुडघे दोनच दिले, ही त्याची मोठी कृपा. गोमेइतके दिले असते, तर आमच्या घरी सकाळचा चहा दुपारी झाला असता. कारण "आज उजवा कसा आहे?" आणि "डावा काय म्हणतो?" हे दोन प्रश्न आईला विचारल्याशिवाय आमच्याकडे आधण ठेवत नाहीत. दुखणं झिजेचं. सांध्यातली कूर्चा झिजते आणि जिन्याच्या पायऱ्या वाढतात. बांधणाऱ्याने बांधल्या तेवढ्याच असतात, पण आईच्या हिशेबाने दरसाल दोन वाढतात.

तेल झालं, शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला. डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम 'उद्यापासून' झाले. शेवटी गेल्या पावसाळ्यात एक यंत्र भाड्याने आणलं. एक पेटी आणि तिला वायरीने जोडलेला पट्टा. पट्ट्यात तारेचं वेटोळं. त्यात विजेचे ठोके सोडले की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते गुडघ्यात शिरून काम करतं. गंमत अशी, की शिरताना ते काही कळू देत नाही. ऊब नाही, मुंग्या नाहीत. पेटीवर हिरवा दिवा लागतो, तेवढाच पुरावा. आई रोज संध्याकाळी अर्धा तास पट्टा बांधून पडायची आणि वेळ सांगायला मी शेजारी बसायचो.

गुण आला. दिवाळीत तर आई आकाशकंदील बघायला गच्चीवर जाऊन आली!

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कॉटखाली पडलेला चष्मा काढायला मी वाकलो, तर पट्ट्याच्या वायरीची पिन तिथे धूळ खात पडलेली. दिवाळीच्या साफसफाईत कॉट मीच ओढली होती. म्हणजे तीन आठवडे तो हिरवा दिवा निव्वळ शोभेला जळत होता! आणि गच्ची त्याच तीन आठवड्यांतली.

बरं, यंत्रच खोटं म्हणावं, तर तशीही सोय नाही. कॉक्रेनच्या २०१३ सालच्या आढाव्यात अशा उपचाराचे नऊ प्रयोग तपासले होते, ६३६ रुग्णांवरचे. खोट्या यंत्रापेक्षा खऱ्या यंत्राने वेदना शंभरात सरासरी पंधरा गुणांनी जास्त कमी झाली. हालचालीत मात्र फारसा फरक दिसला नाही. पण शंभरातले ते पंधरा गुणसुद्धा पिन लावलेल्या यंत्राचे. आईचे गुण कोणाच्या खात्यावर घालायचे?

असाच पेच १७८४ साली पॅरिसमध्ये पडला होता. मेस्मर नावाच्या वैद्याच्या चुंबकशक्तीने शहर वेडं झालं होतं. राजाने चौकशी नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन होते. त्यांच्या बागेतल्या एकाच झाडात शक्ती 'भरली' आणि डोळे बांधलेल्या एका पोराला झाडाझाडापाशी नेलं. पोरगं बेशुद्ध पडलं ते भलत्याच झाडापाशी! निष्कर्ष निघाला, ही सारी कल्पनेची करामत.

बरोबर आहे. पण दुखणं हे 'वाटण्या'तच असतं ना? गुडघा झिजलेला असून दुखत नाही असं वाटलं, तर दुखत नाहीच की! बरं होणं आणि बरं वाटणं यांतलं अंतर डॉक्टरांना एक्स-रेत दिसतं. आईला ते जिन्यात दिसतं, आणि जिना ती चढली होती. मग सत्य सांगून तिला पुन्हा खाली का उतरवा? मी पिन गुपचूप लावून टाकली आणि गप्प बसलो. 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला होता. माझी स्कूटर आधीपासून जमिनीवरच आहे.

पण तुळशीच्या लग्नाला शेजारच्या कमलमावशी आल्या. त्यांचेही गुडघे. आईने गच्चीची हकीकत रंगवून सांगितली आणि मावशी म्हणाल्या, "उद्याच एफडी मोडते आणि विकतच घेते."

इथे माझं तत्त्वज्ञान लंगडायला लागलं. आराम नुसता वाटला तरी चालतो. पैसे मात्र नुसते गेल्यासारखे वाटत नाहीत, ते जातात! माझं गप्प बसणं आईपुरतं होतं तोवर त्याला माया म्हणता येत होतं; आता त्याची किंमत दुसऱ्याच्या एफडीतून जाणार होती.

अक्षता पडायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. मावशी माझ्याकडे बघायला लागल्या, मी आईच्या गुडघ्यांकडे. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "कमल, तू एफडी राहू दे. आधी डॉक्टरांना दाखव." आणि मला म्हणाली, "अरे, बंद असताना गुण येत होता, तर भाडं कशाला भरायचं? देऊन टाक परत."

दुसऱ्या दिवशी दिलं. संध्याकाळी डावा कुरकुरला. उजवा ठीक होता. मांडीचे व्यायाम आता खरोखरच 'आजपासून' सुरू झालेत. नेहमीच्या वेळेला मी पेपर घेऊन बाहेर बसलो होतो, तर आतून हाक आली.

"यंत्र गेलं म्हणून तू कुठे गेलास? अर्धा तास व्हायचाय माझा."