निकालाआधीची शिक्षा

शिक्षा देण्याचा अधिकार समाजाला केव्हा प्राप्त होतो? गुन्हा सिद्ध झाल्यावर, हे उत्तर आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ केलेले असते. पण आरोप भयंकर असला आणि आरोपी मनातून नावडता असला, की हे पाठांतर कोठे जाते?

केरळातील धर्मगुरू अब्दुल नासिर मदनी यांचे उदाहरण घ्या. एका पक्षाचे संस्थापक, जहाल भाषणांसाठी प्रसिद्ध. १९९२ साली त्यांच्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा एक पाय गेला. १४ फेब्रुवारी १९९८ रोजी कोइमतूर शहरात बॉम्बस्फोट झाले, ५८ माणसे मेली. पुढच्याच महिन्यात कटाच्या आरोपाखाली मदनींना अटक झाली. १ ऑगस्ट २००७ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधली नऊ वर्षे ते तुरुंगातच होते.

पुढे आपण ज्या राज्यात राहतो त्या कर्नाटकाच्या पोलिसांनी, २००८ च्या बेंगळूर साखळी स्फोटांच्या खटल्यात, त्यांना ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा पकडले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण बेंगळूर सोडू नये या अटीवर. केरळात जाऊन राहण्याची मोकळीक मिळायला २०२३ चा जुलै उजाडला. म्हणजे अटकेपासून तेरा वर्षे, आणि तोवर या दुसऱ्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

या दुसऱ्या खटल्यात ते दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ही वर्षे कोणत्या खात्यावर मांडायची? निकाल निर्दोष लागला तर ती परत देता येत नाहीत. दोषी लागला तरी ती दोष ठरण्याआधीच वसूल केलेली असतात.

एका स्नेह्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, ‘‘बॉम्ब तुझ्या घरात फुटला असता तर हेच बोलला असतास?’’ नसतो बोललो. मी सूडच मागितला असता. म्हणून तर न्यायासनावर मला न बसवता तिऱ्हाइताला बसवतात. आणि मेलेल्यांच्या नातलगांना तरी या विलंबातून काय मिळते? भलताच माणूस आत असेल तर खरा गुन्हेगार बाहेर आहे. खराच आत असेल तर त्यांच्या दुःखावर न्यायाची मोहोर उमटत नाही.

कायदाही येथे कठोर झाला आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर जामीन नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्याच एका खटल्यात स्पष्ट केले, की खटला लवकर संपण्याची आशाच नसेल तर या कलमाच्या आड येऊनही जामीन देता येतो. हे दार उघडले खरे. पण त्यापर्यंत पोहोचायला आधी कित्येक वर्षे आत काढावी लागतात.

आमच्या शहापुरात सराफ गल्ली आहे. जाणता सराफ दागिना आधी कसोटीवर घासतो, मग भाव बोलतो. आणणाऱ्याचे तोंड पाहून तो कस ठरवू लागला, तर पेढीवर कोण चढेल? सीमाभागातल्या माणसाला हे उमजायला जड जाऊ नये. १ नोव्हेंबरच्या फेरीत घोषणा दिल्या म्हणून वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना जाणारी माणसे आपण पाहिली आहेत. बॉम्बस्फोटाचा आरोप आणि घोषणेचा आरोप एका तागडीत घालण्याजोगे नव्हेत; परंतु ज्याच्यावर आरोप आहे त्याला वेळेत ऐकून घेतले पाहिजे, हा हक्क दोघांचा एकच आहे.

गरीब स्वभावाच्या निरपराध माणसासाठी कोणाचेही काळीज हलते. ज्याची भाषणे आपल्याला मुळीच मान्य नाहीत, त्याच्यासाठीही आपण तोच न्याय मागतो का, हे ज्याने त्याने स्वतःशी विचारावे. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, त्याचा दोष अजून ठरलेला नाही म्हणून.